पुढच्या चाकाचे बेअरिंग

आमच्या वस्त्यांतील कितीतरी घरे आज एका जुन्या मालगाडीवर चालतात. टाटा कंपनीने चारशेसात बाजारात आणली ती १९८६ साली. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने फिरत आलेल्या तशा जुन्या गाड्या भाजीपाला, विटा, सिमेंट वाहताना आजही दिसतात. अंगावर कर्जाचा हप्ता असतो, म्हणून इंजिनाची काळजी सगळेच घेतात. पुढच्या चाकाच्या बेअरिंगकडे मात्र ते घरघरू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. भरधाव गाडीचे पुढचे चाक जाम झाले किंवा निखळले, तर हप्ता फेडणारा माणूसच घरी परत येईल याची खात्री नाही.

आम्ही पडलो हिशेबाच्या वहीतले. पण गॅरेजात काम करणाऱ्या मुलांशी आमचा नित्य संबंध येतो आणि एक गोष्ट आम्हाला फार खटकते. पोरगा चार-पाच वर्षे उस्तादाच्या हाताखाली चाके उतरवतो, बेअरिंग धुतो; पण शेवटचा नट आवळायची वेळ आली की पाना उस्तादाच्या हातात. विचारले तर "सेटिंग हाताला कळते", एवढेच उत्तर. कळत असेल, पण हाताला नेमके काय कळते, हे शब्दांत सांगता येते आणि शिकाऊ मुलाला ते सांगितलेच पाहिजे.

पुढच्या प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे असतात, आतले मोठे व बाहेरचे लहान. दोन्हींचे रोलर निमुळते. सरळ रस्त्यावर भार वरून येतो, वळणावर बाजूनेही येतो. निमुळता रोलर दोन्ही पेलतो. अमेरिकेतील घोडागाड्या बनविणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. मात्र याच निमुळतेपणामुळे नट जितका आवळावा तितके रोलर कपात रुतत जातात.

दोष बेअरिंगचाच आहे का, हे आधी पाहावे. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक उचलावे, ॲक्सलखाली भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई गेली तर ती बेअरिंगची. तरीही हलले तर खोट किंगपिनची. एवढे न पाहता बेअरिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले की बेअरिंग बाद. कप हबमध्ये घट्ट बसलेला असतो, तो काढायला कष्ट पडतात. म्हणून जुन्या कपात नवे रोलर घालण्याचा मोह होतो. तसे करू नये, जोड बदलावा. नंबर ताडून घ्यावा आणि पक्के बिल मागावे, कारण बनावट माल बाजारात भरपूर आहे. धुतलेले बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून शिटी वाजवायची पोरांना हौस असते. ती मोडून काढा, त्याचे तुकडे उडू शकतात. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरावे. हब मात्र गच्च भरू नये. तापलेले ग्रीस सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरते. सील दरवेळी नवे.

आता सेटिंग. चाक दोन्ही दिशांना फिरवत फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर जागी बसतात. चाक जड झाले की नट थोडा मागे घ्यावा. किती, ते त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेले असते. शेवटी चाक मोकळे फिरावे आणि ओढून पाहता अगदी पुसटशी, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी ढिलाई जाणवावी. उस्तादाच्या हाताला कळते ते हेच! "घट्ट असलेले बरे" असे समजणारे पुष्कळ आहेत. पण घट्ट बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते आणि रोलर जाम होतात. फार सैल ठेवले तर खड्ड्याखड्ड्याला ठोके बसतात, तेही वाईटच.

नट मग लॉक करावा. स्प्लिट पिन असेल तर नवी घालावी. जुनी सरळ करून घातलेली पिन वाटेत तुटते. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस किलोमीटरवर गाडी थांबवून हात जपून दोन्ही हबजवळ न्यावा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा लागला, तर पुढे न जाता तेथेच चाक उचलून नट पुन्हा पाहावा.