वसईची घंटा आणि आपला वाद

१/ मे महिना उजाडला की वसईचा वाद पुन्हा पेटतो. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती स्वीकारली आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेने उत्तर कोकणातील त्यांची सत्ता संपली, इथवर सर्वांचे एकमत असते. भांडण त्यापुढे सुरू होते आणि बहुतेक वेळा एका घंटेच्या छायाचित्रावरून सुरू होते. हा धागा त्या घंटेविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या वाद घालण्याच्या रीतीविषयी आहे.

२/ नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. ते १७४७ साली उभे राहिले. दर्शनी भागी टांगलेल्या प्रचंड घंटेवर १७२१ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर ती येथे आली, असे परंपरा सांगते. या एकाच छायाचित्राखाली एक पक्ष लिहितो, ‘हा पराक्रमाचा पुरावा’. दुसरा लिहितो, ‘हा धर्मद्वेषाचा पुरावा’. दोघांनाही आपण पुरावा दिला असे प्रामाणिकपणे वाटते.

३/ आता पायऱ्या मोजू. एक, घंटेवरचे साल १७२१ आहे. दोन, ती एखाद्या चर्चसाठी ओतली होती. तीन, ते चर्च वसई प्रांतातले होते. चार, विजेत्यांनी ती काढून नेली. पाच, नेताना त्यांच्या मनात अमुक एक भावना होती.
पहिली पायरी डोळ्यांनी पडताळता येते. दुसरी संभाव्य आहे. तिसरी आणि चौथी परंपरेच्या व परिस्थितीच्या आधारावर उभ्या आहेत. त्या विश्वसनीय वाटतात, पण त्यांना कागदाचे पाठबळ लागते. पाचवीबाबत घंटा मुकी आहे. कासे ही मौल्यवान धातू, आणि मंदिराला घंटा लागतेच. एवढे साधे कारणही शक्य आहे. समाजमाध्यमांवरचा वाद मात्र पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी घेतो.

४/ यावर तिसरा पक्ष येतो आणि शरणागतीची कलमे पुढे करतो: मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक दिली होती, ‘म्हणजे’ मराठे सहिष्णू होते. मला हा निष्कर्ष आवडतो, म्हणूनच त्याविषयी अधिक सावध राहणे माझे कर्तव्य आहे. करारातून दिलेला शब्द कळतो. तो पाळला गेला का, हे कळत नाही. त्यासाठी पुढच्या दशकांतले महसुलाचे कागद, इनामांच्या नोंदी, चर्चच्या नोंदवह्या चाळाव्या लागतील. घंटावाल्यांची चूक आणि कलमवाल्यांची चूक एकच आहे.

५/ या वादातली सर्वांत हीन चाल निराळीच आहे. लिहिणाऱ्याचे आडनाव पाहायचे आणि ‘तुम्ही असेच म्हणणार’ असे म्हणून विषय संपवायचा. वसईत ही चाल फार महाग पडते. येथे पारनाका आणि पापडी, मंदिर आणि चर्च एकमेकांपासून दूर नाहीत. १७३९ मधील कृत्यांचा जाब आजच्या शेजाऱ्याला विचारला जातो, तेव्हा इतिहासाचा अभ्यास थांबतो आणि माणसांची वर्गवारी सुरू होते. विधान खरे की खोटे, हे विधान करणाऱ्याच्या बाप्तिस्म्यावर किंवा मुंजीवर ठरत नाही.

६/ चांगला युक्तिवाद कसा असतो? उत्तर याच तालुक्यात, नालासोपाऱ्यात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाचा ढिगारा खणवला. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, भोवती आठ धातुमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. या नाण्याच्या आधारे पंडितजींनी हा ठेवा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानला.

७/ पुढे मूर्तिशैलीच्या अभ्यासकांनी त्या मूर्ती बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या ठरवल्या. नाणे केवळ ‘याच्या आधी नाही’ एवढेच सांगते. जुने नाणे नव्या ठेव्यात असू शकते. मग पंडितजी हरले का? मुळीच नाही. कोणती वस्तू कोठे, कशाच्या आत, कशाच्या शेजारी सापडली, हे त्यांनी काटेकोरपणे नोंदवून छापले होते, म्हणूनच नंतरच्यांना त्यांचा निष्कर्ष तपासता आला. स्वतःला खोडून काढण्याची साधने त्यांनी स्वतःच वाचकाच्या हाती दिली. माझ्या मते चांगल्या युक्तिवादाची याहून मोठी खूण नाही.

८/ आक्षेप येईल: ‘इतके तोलूनमापून बोलल्यास भूमिका कधी घ्यायची?’ जरूर घ्यावी. मीही घेतो. पोर्तुगीज अमदानीत हिंदूंच्या धर्माचरणावर कठोर निर्बंध होते. ते त्यांच्याच कायद्यांतून दिसतात, आणि वसईच्या मोहिमेचा विचार करताना ते विसरणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण हे मी कायद्यांच्या आधारे म्हणतो, घंटेच्या नव्हे. ठाम विधानाला ठाम आधार हवा, इतकेच.

९/ पुढच्या मे महिन्यात ते छायाचित्र पुन्हा समोर येईल. तेव्हा ‘पुरावा दाखवा’ असे ओरडण्यापूर्वी समोरच्याला, आणि त्याआधी स्वतःला, एक प्रश्न विचारावा: काय सापडले तर मी माझे मत बदलेन? उत्तर ‘काहीही सापडले तरी नाही’ असे असेल, तर तो वाद इतिहासाचा नव्हे.
या धाग्याशीही मतभेद जरूर नोंदवा. फक्त कोणती पायरी कच्ची आहे, तिचा क्रमांक सांगा.