रंगीत पिलांचा हिशेब



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाचा दुसरा वेचा घरात आला होता, हातात चार पैसे खुळखुळत होते. आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात मोटारसायकलीला जाळीची खोकी बांधून एक फेरीवाला आला. खोक्यांत गुलाबी, हिरवी, जांभळी पिले. त्यांच्यामागे गावातली पोरे, आणि पोरांच्या मागे त्यांच्या आया. बचत गटाच्या बायांनी घासाघीस करून शंभर पिले घेतली. 'गावरान आहेत, सहा महिन्यांत अंड्यावर येतील,' असे सांगून फेरीवाला पुढच्या गावाला गेला. पावती नाही, नाव नाही, गाव नाही.

तिसऱ्या रात्री थंडी वाढली. सकाळी बाजेखाली पिलांचा ढीग पडलेला दिसला आणि त्यातली निम्मी मेलेली होती. पुढे आणखी काही मांजराने नेली. उरली अडतीस. त्यांना घरची दीड पोते ज्वारी घालून बायांनी वाढवली. होळीच्या सुमारास मी त्या गावात बैठकीला गेलो तेव्हा गटातल्या एका मावशीने कौतुकाने अंगणात नेले आणि विचारले, 'भाऊ, ह्या कोंबड्या अंडे कवा देतीन?'

मी पाहिले. अडतीसच्या अडतीस पांढरे शुभ्र. लालभडक तुरे, मानेवर टोकदार पिसे, शेपटी कमानीसारखी वळत चाललेली. आठ-दहा आरवायलाही लागले होते. बायांना वाटले, शंभरात चार कोंबडे असायचेच. मी म्हटले, 'मावशी, ही सगळी कोंबड्यांचीच जात आहे, म्हणजे नरांची. यातले एकही अंडे देणार नाही.' आधी सगळ्या हसल्या. मग हिशेब सुरू झाला आणि हसणे थांबले. त्या अंड्यांच्या पैशावर एका घरात मुलीच्या एस.टी.चा पास ठरला होता.

मी कृषी पदवीधर. परत येताना स्वतःलाच विचारले, पहिल्या दिवशी मी तिथे असतो तर मला कळले असते का? नर की मादी हे पिलू हातात धरून मला सांगता आले नसते, हे कबूल करतो. पण ती पिले कुठून आली हे मी सांगू शकलो असतो, आणि तेवढे कळले की नर-मादीचा प्रश्न तिथेच सुटत होता. आजचे लिहिणे एवढ्यासाठीच आहे.

अंड्याच्या मोठ्या धंद्यात पांढरी लेगहॉर्न कोंबडी वापरतात. तिच्या अंड्यातून निघणाऱ्या पिलांत निम्मे नर असतात. हा नर अंडे देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही चढत नाही. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, तर लेगहॉर्नच्या कोंबड्याला एक किलो भरायला तीन महिने लागतात. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी पिले निवडतात. माद्या अंड्याच्या फार्मवर जातात. नर त्याच दिवशी मारून टाकतात किंवा कवडीमोलाने फेरीवाल्याला देतात. फेरीवाला त्यांना रंगात बुडवतो, कारण पिवळे पिलू कोणी घेत नाही आणि गुलाबी पिलासाठी पोर रडते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही नर पिले मारण्यावर कायद्याने बंदी घातली. आता तिकडे अंड्यातच नर-मादी ओळखणारी यंत्रे वापरात आहेत. आपल्याकडे ती नर पिले आठवडी बाजारात येतात.

म्हणून रंगीत पिलू दिसले की समजावे, हे निवडून फेकलेले आहे. रंग फक्त लवेवर असतो. आठ-दहा दिवसांत पंखांची खरी पिसे फुटतात आणि ती पांढरी निघतात, पण तोवर विकणारा चार तालुके पलीकडे गेलेला असतो.

न रंगवलेले पिवळे पिलू असेल तर ते लेगहॉर्न असेल किंवा ब्रॉयलर. ब्रॉयलरचे पिलू अंगाने थोराड, पाय जाड, आणि दुसऱ्या आठवड्यापासून खाण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही. हेही 'गावरान' म्हणून विकले जाते. अंगणात सोडले तर ते चरत नाही आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात टिकत नाही. ऱ्होड आयलंड रेडचे पिलू तांबूस असते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या विद्यापीठाची गिरिराजा, ही परसात फिरून वाढणारी वाणे आहेत.

कडकनाथचे पिलू निळसर काळे, पाठीवर गडद पट्टे असलेले. पण प्रत्येक काळे पिलू कडकनाथ नव्हे. पाय, चोच आणि जीभ बघा. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि नावाला भाव आला. लगेच २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात 'पिले आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेतो' या करारात हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. तिथे पिलू ओळखण्यात चूक नव्हती, चूक कागद ओळखण्यात झाली.

आता नर-मादीचे. आपल्याकडे सांगतात, लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते. कोणी पिलू उलटे टांगून पाय कसे झाडते ते बघतो, कोणी सुईदोरा फिरवतो. यातल्या कशानेही कळत नाही. शंभरात पन्नास वेळा बरोबर येते, आणि तेवढे तर रुपया उडवूनही येते. कोंबड्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरते, कोंबड्याकडून नव्हे. माणसात बरोबर उलट, ते पुरुषाकडून ठरते. आपल्याकडे सुनेला बोल लावणाऱ्यांनी निदान हा फरक तरी ध्यानात घ्यावा.

एक दिवसाच्या पिलाचे गुदद्वार हलके उघडून आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात बसवली. मुरलेला माणूस तासाला आठशे-हजार पिले निवडतो. पण ती नजर यायला महिनोन्महिने सराव लागतो. घरी कोणी करून पाहू नये, पिलाचे आतडे दुखावते. काही खास संकरांत मादीच्या पंखाची बाहेरची पिसे वरच्या छोट्या पिसांपेक्षा लांब असतात आणि नराची सारखी, किंवा मादी तपकिरी आणि नर फिकट निघतो. हे त्या जोडीपुरतेच खरे. गावरान पिलांवर पंख ताणून बघणारा एक तर स्वतः फसतो नाही तर दुसऱ्याला फसवतो.

परसातली पिले नर-मादी मिसळच मिळतात, आणि त्यात फसवणूक नाही. फक्त हिशेब आधी मांडावा लागतो. शंभर घेतली, चांगली निगा राखून दहा गेली, नव्वद उरली. त्यात पंचेचाळीस कोंबड्या. शंभर पिले म्हणजे शंभर कोंबड्या धरून कर्ज काढणारा पहिल्याच ओळीत चुकतो. नुसती खायची अंडी हवीत तर कोंबडा लागतच नाही, उबवायची असतील तर दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. बाकीचे चाळीस कोंबडे हे तुमचे दुसरे पीक. सहाव्या आठवड्यापासून नराचा तुरा लाल आणि मोठा व्हायला लागतो. अडीच महिन्यांच्या सुमारास मानेवरची आणि कमरेवरची पिसे पाहा, टोकदार असली तर नर, गोलसर असली तर मादी. तेव्हा वेगळे काढा. रंगीबेरंगी कोंबड्याला आखाडात जो भाव येतो तो श्रावण लागला की राहत नाही. म्हणून पिले फेब्रुवारी-मार्चमध्ये आणली तर नर वेळेवर विक्रीला येतात. डिसेंबरात आणली तर पहिला महिना थंडीशी झगडण्यात जातो.

त्या गावातली पिले थंडीने मेली असे सगळे म्हणतात. ती गुदमरून मेली. पिलाच्या अंगावर नुसती लव असते, स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. थंडी वाजली की ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची दबतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी केली तरी चालते. थर्मामीटर नसला तर पिलेच सांगतात. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे, चोच उघडी टाकून दिव्यापासून लांब पळाली तर गरम होते आहे, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सगळीकडे पांगून चरत असली की निश्चिंत झोपा.

शंभर पिलांना थंडीच्या दिवसांत दोनशे ते तीनशे वॅटची ऊब हवी. पण इथे नवीच गंमत झाली आहे. घराघरांत आता एलईडी दिवे आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. एका शिकलेल्या पोराने चार एलईडी लावून पिले ठेवली आणि सकाळी मलाच जाब विचारला. जुना तारेचा बल्ब शोधा किंवा पिलांसाठी मिळणारा लाल बल्ब आणा आणि जमिनीपासून फूट-दीड फुटावर टांगा. वीज रात्री जाणार हे धरूनच चला. कोळशाची शेगडी पेटवून ठेवायची तर धूर गेल्यावरच आत घ्या आणि छपराजवळ झरोका उघडा ठेवा. बंद खोलीत शेगडी पिलांनाही मारते आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही.

पत्रा किंवा जाड पुठ्ठा दीड फूट उंच उभा करून पाच-सहा फुटांचे गोल कडे करा आणि दर दोन-तीन दिवसांनी रुंदावत न्या. गोल अशासाठी की कोपरा सापडला की पिले त्यात चेंगरतात. खाली भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात आणि पिलू जन्माचे अधू होते. आल्या आल्या आधी गुळाचे कोमट पाणी उथळ भांड्यातून द्या, दोन-तीन तासांनी ज्वारीच्या किंवा मक्याच्या बारीक कण्या. दहा-बाराच पिले असतील तर हा खटाटोप कशाला? घरात खुडूक कोंबडी असेल तर रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवा. तिच्याइतकी चांगली शेगडी अजून कोणी काढलेली नाही.

निव्वळ ज्वारीवर पिलू जगते, वाढत नाही. पहिले दोन महिने तयार खाद्य द्या किंवा ज्वारीच्या भरड्यात सोयाबीनची पेंड मिसळा. कच्चे सोयाबीन भरडून घालू नका, ते पचत नाही. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी 'बाजारात जात नाही तर कोंबड्यांना घाला' असे आपण म्हणतो. त्या बुरशीचे विष पिलाचे काळीज खाते. सरकीची पेंड गाईम्हशीला चालते, कोंबडीला नाही. तिच्यातले गॉसिपॉल पिलाला बाधते आणि अंड्याचा बलक हिरवट पडतो. आणि कापूसवाल्यांच्या घरातली सर्वांत मोठी जोखीम म्हणजे फवारणीची खोली. औषध लावलेले उरलेले बियाणे, पंप, रिकाम्या बाटल्या सगळे तिथेच, आणि पिलांना जागा म्हणून बायांना दिलेला कोपराही तिथलाच. औषधाची बाटली कापून पाण्याचे भांडे केलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

महिन्या-दीड महिन्यानंतर खुराडे लागते. त्यासाठी कर्ज नको. पऱ्हाट्यांचा कूड विणून शेणमातीने लिंपा, लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन आत शिरत नाही. वर टीन असेल तर उन्हाळ्यात त्यावर तुराट्या टाका. कडबा टाकू नका, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, आणि झरोक्याला अर्ध्या इंचाची जाळी. मुंगसाला मूठभर भोक पुरते.

गाव मिळून पिले घ्यायची असतील तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, तिथे आगाऊ मागणी नोंदवावी. खासगीकडून घेतली तरी पावतीवर वाण, पिलांचे वय, नर-मादी मिसळ की निव्वळ मादी, आणि पहिल्या दिवसाची मरेक्सची लस दिली की नाही, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून रुपयाचेही घेऊ नका.

मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब टाकून द्यायची असते. कुपी निदान शंभर पिलांची येते, बर्फात आणावी लागते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. एका घराला ती परवडत नाही, पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात पिले आणली तर परवडते. म्हणून फेब्रुवारीत पिले आणणार असलेल्या गावांनी नावे, पिलांची संख्या आणि थर्मास कोणाकडे आहे हे लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला यावे.