आपली रब्बी ऑगस्टमध्ये

शिकागो परिसरातल्या मराठी घरांत परसबागेचं वर्ष बहुधा मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी-रविवारी सुरू होतं. टोमॅटो, मिरची, भेंडी, मेथी, कोथिंबीर, पालक, सगळं एकदमच वाफ्यात जातं. जूनअखेर मेथी फुलोऱ्यावर येते, कोथिंबिरीला तुरे फुटतात, पालकाची पानं निबर होतात, आणि ‘इथे आपल्या पालेभाज्या होत नाहीत’ असं ठरून जातं. त्या होतात, आणि उत्तम होतात. फक्त त्यांचा महिना मे नव्हे. शिकागोची खरी रब्बी ऑगस्टच्या मध्याला सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच आपली बाग आवरायची घाई चाललेली असते.

इथल्या हवेचा विषय निघाला की बोलणं थंडीवर येतं. ते साहजिकच आहे; 30 जानेवारी 2019 ला पारा उणे तीस अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. पण मेथीला जानेवारीशी काही कर्तव्य नाही. तिला कळतं ते दिवसाचं मान. शिकागो सुमारे 42 अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथला दिवस सव्वापंधरा तासांचा असतो. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. इतका लांब दिवस आणि वर उन्हाळा म्हटल्यावर पालेभाजी पानं वाढवायचं सोडून बी धरायच्या मागे लागते. आपण कितीही पाणी घातलं, खत घातलं, तरी ती थांबत नाही.

आता ऑगस्टची अखेर पाहा. तेव्हा इथला दिवस पुण्याच्या जूनमधल्या दिवसाएवढा झालेला असतो आणि पुढे तो भराभर लहान होत जातो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो अकरा तासांवर येतो. पुण्यातला डिसेंबरचा दिवस एवढाच असतो. रात्री गार, दुपारी सौम्य ऊन, जमीन अजून उबदार. मुळा, मेथी, पालक, मोहरीचा पाला यांना आणखी काय हवं? हलकी थंडी पडली की पालकाच्या पानात साखर वाढते. ऑक्टोबरचा पालक जूनच्या पालकापेक्षा चवीला सरस लागतो तो यामुळेच.

उजेडाचं हे गणित उलटही फिरतं. गावाकडच्या वालाच्या कित्येक जातींना दिवस बारा तासांच्या आसपास आल्याशिवाय फूल धरत नाही. इथे ती वेळ सप्टेंबरच्या शेवटी येते, आणि शेंग भरायच्या आत फ्रॉस्ट वेलाला करपवून टाकतो. नाशिककडचा कांदा लहान दिवसांचा. इथल्या वसंतात दिवस आधीच मोठा असल्यामुळे रोप पुरतं वाढण्यापूर्वीच गड्डा धरू लागतं आणि तो गोटीएवढाच राहतो. बियाणं घेताना ते मोठ्या दिवसांचं आहे का, हे विचारूनच घ्यावं. प्रवासात सामानातून बी आणायचा मोहही टाळावा. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आणता येत नाही, आणि हे निर्बंध कीड-रोग रोखण्यासाठी आहेत.

काही वाचक म्हणतील, आता हवामानच बदललंय, अमेरिकी कृषी खात्याच्या लागवड-विभागांच्या नकाशानेही ते मान्य केलंय, मग सगळं लवकरच का लावू नये? नोव्हेंबर 2023 मध्ये नवा नकाशा आला, ही गोष्ट खरी. पण तो हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवर बेतलेला आहे. अंजिराचं झाड तगेल का, गुलाब वाचेल का, हे त्यावरून ठरवावं. शेवटचा फ्रॉस्ट केव्हा पडेल, याबद्दल तो काहीही सांगत नाही. एप्रिलमधल्या दोन उबदार दुपारींना भुलून भेंडी पेरली तर बी गार चिकणमातीत कुजतं. भेंडीला सकाळच्या वेळीही माती अठरा-वीस अंशांची लागते.

शिवाय हे शहर एकसारखं नाही. मिशिगन सरोवराचं पाणी वसंतात बराच काळ थंड राहतं, त्यामुळे मे महिन्यात एव्हन्स्टनच्या किनाऱ्यावर अंगात जाकीट असतं तेव्हा नेपरव्हिलला घाम येत असतो. शरदात उलट होतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी किनाऱ्याला ऊब देतं, आणि पश्चिमेकडच्या उपनगरांत पाला करपतो तेव्हाही किनाऱ्यालगतच्या बागा हिरव्या असतात. काठावर राहणाऱ्यांना शरदाचे दोन-तीन आठवडे जास्तीचे मिळतात. ते वाया घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्टात पेरायचं तर अडचणी आहेत. माती तापलेली असते आणि पालकाचं बी त्या उष्णतेत नीट रुजत नाही. संध्याकाळी पेरावं, ओलं गोणपाट अंथरावं, अंकुर दिसताच काढून घ्यावं. धने रगडून पेरावेत. मेथीला एवढे लाड लागत नाहीत. जागेचा प्रश्नही फारसा कठीण नाही: भुरीने पांढरी पडलेली काकडी काढून टाकली की वाफा मोकळा होतो. खरी अडचण बियांची. तोवर दुकानांतल्या बियांच्या मांडण्या रिकाम्या होऊ लागतात, म्हणून वसंतातच जास्तीची पाकिटं घेऊन ती कोरड्या, गार जागी ठेवायला हवीत.

इथेच आपल्या मराठी मंडळाने पुढाकार घ्यावा. मंडळात रोपांची-बियांची देवघेव करायची तर ती पाडव्याबरोबर नागपंचमीच्या सुमारासही व्हावी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नसतं, आणि परसातलं अळू, माठ, भेंडी, पडवळ त्या वेळी इथेही ऐन भरात असतं. ऋषीची भाजी इथल्या परसात पिकलेल्या भाज्यांचीच व्हावी. त्याच दिवसांत शेजारच्या वाफ्यात मुळा-मेथी वर आलेली असावी. बियांच्या पाकिटांवर पेरणीच्या दोन तारखा छापाव्यात: पश्चिमेकडच्यांसाठी 15 ऑगस्ट, सरोवराकाठच्यांसाठी त्यानंतर दोन आठवड्यांनी.