पहिली पंगत कोणाची?

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमचीं सारीं भावंडें देवबागच्या घरीं जमलीं होतीं. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलींत आमचें घर. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पडवींत वाद निघाला तो फुटबॉलचा: गोव्याचा देंपो स्पोर्ट्स क्लब देशांतील पहिल्या पंगतींत बसवावा कीं नाहीं?

वाद केवळ करमणुकीचा नव्हता. आमच्या पुतण्यास खेळाच्या शिक्षणासाठीं गोव्यांतील एका लहान संघांत जावयाचें होतें. "ज्या संघाचें नांव वरच्या श्रेणींत नाहीं, तेथें उमेदीचीं वर्षें कां घालवावीं?" असें थोरल्या दादांचें म्हणणें.

पुतण्यानें देंपोचा दाखला पुढें केला. २००४-०५ ते २०११-१२ या काळांत त्या संघानें पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, आणि तें आर्मांदो कोलासो या गोमंतकीय शिक्षकाच्या हाताखालीं. दादांनीं लागलीच उत्तर दिलें, "तोच संघ २०१४-१५ च्या हंगामाअखेर खालच्या श्रेणींत गेला ना!" पुढें दुय्यम श्रेणी जिंकून देंपोनें परतीचा हक्क मिळविला, परंतु स्पर्धांच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ २०१६ सालीं साळगांवकर व स्पोर्टिंग या संघांसह तो बाहेर पडला. २०२४ मध्यें तो आय-लीगमध्यें परतला, तोंवर इंडियन सुपर लीग ही वरची पायरी होऊन बसली होती.

दोघांचेंही म्हणणें खरें आहे. केवळ श्रेणी पाहावयाची, तर आज देंपो पहिल्या पंगतींत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु श्रेणीचा भरंवसा तो किती? इंग्लंडांत २०१६ सालीं अजिंक्य ठरलेला लेस्टर सिटी २०२३ मध्यें खालच्या श्रेणींत गेला.

मग टिकतें काय? २०२० च्या फेब्रुवारींत एफसी गोवा या संघानें सुपर लीगच्या साखळींत अग्रस्थान मिळवून मानाची ढाल जिंकली. पुढील वर्षीं आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळींत खेळणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. साखळींतील त्या अखेरच्या सामन्यांत संघाची धुरा सांभाळली ती क्लिफर्ड मिरांडा यांनीं, आणि ते देंपोच्या वैभवकाळांतले खेळाडू. देंपोचा पाट उचलला गेला होता. तेथील शिकवण मात्र दुसऱ्या घरीं कामास आली.

म्हणून आम्हीं दादांस सुचविलें कीं, श्रेणी विचारूं नये. तीन गोष्टी विचाराव्या. शिक्षक किती वर्षें टिकून आहे? मुलांस खऱ्या सामन्यांत उतरवितात काय? आणि शाळेचा अभ्यास सांभाळला जातो काय? दादा स्वतः गोव्यास जाऊन हें पाहून आले, आणि जूनपासून पुतण्या तेथें शिकत आहे. ज्या वाचकांच्या घरीं असाच प्रश्न उभा असेल, त्यांनींही आधीं मैदानावर जाऊन यावें. गुणतक्ता मागाहून पाहावा.