भानामती काय पुस्तकातून आली?

“भुताखेतांच्या कथा वाचून अंधश्रद्धा वाढते.” सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, तिथंही हे ज्ञान चहासोबत फुकट मिळतं. मी मूळचा जळकोटचा. आमच्या मराठवाड्यात भानामतीची हूल उठते ती अशी : घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, बाया घुमायला लागतात. मग कुणीतरी एखाद्या म्हातारीकडं बोट दाखवतं. बोट दाखवणाऱ्यानं काय नारायण धारप वाचलेले असतात?

उलट धारप वाचूनच मला कळलं की भीती रचता येते. आधी अंधार, मग आवाज, मग दार. ही जुळणी एकदा समजली की अफवेचेही सांधे दिसतात. रत्नाकर मतकरी गूढकथा लिहायचे आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूनंही उभे राहायचे. त्यात विसंगती कुठाय?

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. रहस्यकथेत पहिला संशय ज्याच्यावर जातो, तो बहुतेक वेळा निर्दोष निघतो. भानामतीत पहिला संशय हाच निकाल! करणीचा आळ घेऊन कुणाला छळणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं. भयकथा लिहिणं नव्हे.

कथा उघड सांगते, मी रचलेली आहे. फॅमिली ग्रुपवरचा ‘सत्य घटना’वाला व्हिडिओ असं सांगतो का? पोराच्या हातातलं धारपांचं पुस्तक हिसकावण्याआधी, काका, तुम्ही सकाळी काय फॉरवर्ड केलंत ते बघा.