न्हाणीघराची कडी

चाळीत होतो तेव्हा आमच्या मोरीला शहाबादी लादी होती. खरखरीत, पाय धरून ठेवणारी. चाळ गेली, इमारतीत खोली मिळाली आणि न्हाणीघराला आल्या पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत टाइल्स. पाहुणा आला की आम्ही त्याला आधी न्हाणीघर दाखवायचो! त्याच टाइल्सवर साबणाच्या पाण्यातून आई घसरली.

पडता पडता तिने टॉवेलची दांडी धरली, ती स्क्रूसकट हातात आली. दाराला आतून कडी. दार तोडण्यात पंधरा मिनिटे गेली. शेजारच्या दोघींनी बगलेत हात घालून तिला उभे केले आणि चालवत खाटेवर आणले. माया होती, पण चूक झाली. म्हातारे माणूस पडले आणि त्याचा पाय आखूड, बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. उठवू नये, चालवू नये. पाय हलू न देता फळीवर आडवे करून दवाखान्यात न्यावे. आई वाचली, पण काठी कायमची आली.

भगिनींनो, घरात म्हातारे माणूस असेल तर एक रविवार न्हाणीघरासाठी काढाच. लोखंडी किंवा स्टीलचा जाड दांडा भिंतीत खोल बोल्ट मारून बसवून घ्या, आणि पूर्ण भार टाकून बघा. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. रबरी पायांच्या खुर्चीवर बसून आंघोळ करू द्या. फरशी आठवड्यातून एकदा ब्रशने घासा. रबरी चटई टाकली तर ती रोज उचलून वाळवा, नाहीतर तिच्याखालीच शेवाळ धरते. रात्री तिकडचा दिवा चालू ठेवा. बिलाची काळजी सगळेच करतात, पण बारीक बल्बचे बिल ते किती!

आणि ती कडी. आमची आई आजही म्हणते, "कडी लावल्याशिवाय बाईमाणसाने आंघोळ करायची कशी?" तिचे चुकत नाही. दहा बाय बारात जन्म काढलेल्या बाईला ती कडी म्हणजे स्वतःची हक्काची जागा. म्हणून आम्ही कडीच काढली आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असे लॉक बसवले. हा तोडगा सुनेचा, माझा नव्हे.

आता पाणी तापवायचा रॉड. सकाळी घाईत पाणी तापले का म्हणून बोट बुडवून बघायची सवय घरोघरी आहे. हे जिवावरचे आहे. रॉड आधी पाण्यात, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग पिन काढायची, मगच पाण्याला हात. लोखंडी बादली नको. पिन तीन पायांचीच हवी आणि अर्थिंग खरोखर जोडलेले हवे. पुष्कळांना वाटते, घरात एमसीबी आहे, शॉक बसणार नाही. एमसीबी वायरिंग जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, तीस मिलिअँपिअरचा. वायरमनला नाव सांगून मागा.

गॅस गिझर आतमध्ये बसवू नका. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, याला वासही नाही, रंगही नाही. डोके दुखते, गरगरते आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. थंडी वाजते म्हणून झरोक्याला वर्तमानपत्र लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लहान मूल असेल तर बादली भरून ठेवू नये. रांगते पोर वीतभर पाण्यात डोके खाली करून पडले तर त्याला उठता येत नाही आणि आवाजही होत नाही. त्याला आंघोळ घालताना आधी गार पाणी, मग कढत. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरा, टूथपेस्ट फासू नका.

संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नये, विषारी वायू निघतो. दोन्ही बाटल्या वरच्या फळीवर ठेवा, आणि थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ॲसिड तर कधीच नाही.