पेट्रोल हीच त्यांची वीज होती

नायजेरियातल्या न्नेवीच्या बाजारात सकाळी नऊच्या सुमारास एकेक करून जनरेटर सुरू होतात. मग दुकानाच्या पायरीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांनासुद्धा ओरडूनच बोलावं लागतं. प्रत्येक दुकानापुढं एक छोटं यंत्र दोरी ओढून चालू केलेलं असतं. त्यातल्या सगळ्यात लहान जनरेटरला तिथं ‘आय पास माय नेबर’ म्हणतात, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा आपलं बरं चाललंय. संध्याकाळी अचानक सरकारी वीज आली, की गल्लीतली पोरं ‘अप नेपा!’ असा गलका करतात. नेपा हे वीज मंडळ 2005 सालीच मोडीत निघालं आणि पुढं वितरण खासगी कंपन्यांकडं गेलं, पण पोरांची आरोळी तीच राहिली.

मी वाळूजला स्प्रॉकेट बनवतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी दातेरी चकती असते आणि जिच्यावरून चेन फिरते, ती. नायजेरियाशी माझा संबंध त्या चकतीपुरताच. तिथं भाड्याच्या मोटारसायकलीला ओकाडा म्हणतात आणि रिक्षाला केके. ओकाडा म्हणजे बऱ्याचदा आपली बॉक्सर आणि केके म्हणजे आपलीच तीनचाकी. वाळूजहून गाड्या गेल्या की मागोमाग सुटे भाग जातात. सुट्या भागांची तिथली मोठी पेठ म्हणजे आनाम्ब्रा राज्यातलं न्नेवी. 2014, 2019 आणि 2024 अशा तीन वेळा मी तिथं जाऊन आलो.

माझ्या गिऱ्हाइकाला सगळे ‘ओगा’ म्हणतात, म्हणजे मालक. त्याच्याकडं नेहमी दोन-तीन मुलं शिकायला असतात. इग्बो समाजाची ही जुनी रीत आहे. मुलगा पाच-सात वर्षं मालकाच्या घरी राहतो, दुकान झाडतो, माल ओळखायला शिकतो, गिऱ्हाईक सांभाळतो. पगार मिळत नाही. मुदत संपली की मालक त्याला भांडवल देतो, कधी मालाच्या रूपात, कधी रोख, आणि त्याचं स्वतंत्र दुकान लावून देतो. 1970 साली बियाफ्राचं, म्हणजे इग्बोंनी वेगळ्या देशासाठी लढलेलं, युद्ध संपलं तेव्हा या समाजाच्या हातात काहीच उरलं नव्हतं. बँकेत पूर्वी कितीही ठेवी असोत, सरकारनं माणशी 20 पौंड देऊन हिशेब मिटवला. त्यानंतर न्नेवी, ओनित्शा, आबा ही गावं पुन्हा उभी राहिली ती याच रीतीच्या जोरावर. मी पुष्कळ बँकांची कर्जं घेतली आहेत, पण माणसाला धंद्यात उभं करणारी याहून पक्की व्यवस्था मी पाहिलेली नाही.

2019 साली ओगाच्या दुकानामागं एक पत्र्याची शेड होती. तिथं सिंगल फेजवरचा छोटा लेथ होता. जुने बुश बदलणं, हब खरडणं, वाकलेला शाफ्ट सरळ करणं अशी कामं चालायची. लेथवर असायचा त्याच्या हाताखालचा सगळ्यात हुशार मुलगा. मायक्रोमीटर लावायच्या आधी तो बोटानं पृष्ठभाग चाचपून बघायचा. ती सवय शिकवून येत नाही. माझ्या शॉपफ्लोअरवर अशी सवय असलेले दोघंच आहेत.

29 मे 2023 रोजी बोला टिनुबू राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच भाषणात त्यांनी पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. तोवर लिटरला 190 नायरांच्या आसपास दर होता. काही दिवसांतच तो पाचशेच्या घरात गेला आणि जुलैत 617 झाला. पुढच्या वर्षी, 2024 च्या अखेरीस, मी गेलो तेव्हा तो हजाराच्या वर होता. 2023 च्या जूनमध्येच नायराचा दरही मोकळा सोडला गेला.

जगभरच्या अर्थपत्रकारांनी या निर्णयांना धाडसी म्हटलं. हिशेब पाहिला तर त्यांचं चुकत नव्हतं. 2022 सालासाठी पेट्रोल अनुदानापोटी तिथल्या संसदेनं 4 लाख कोटी नायरा मंजूर केले होते. स्वस्त पेट्रोल पिंपांतून बेनिन-टोगोकडं चोरून जात होतं. डॉलरचा सरकारी दर 460 च्या आसपास होता, पण त्या दरानं डॉलर मिळायचे ते वशिल्याच्या माणसांना. माझ्या ओगासारख्याला बाजारातून साडेसातशेच्या घरातच घ्यावे लागत. दोन दर म्हणजे ज्याची वर ओळख त्याला घरबसल्या कमाई. तो खेळ बंद करायलाच हवा होता, हे मी आजही म्हणतो.

पण पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट राजधानी अबुजात बसलेल्यांच्या आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. त्या देशात पेट्रोल हे फक्त गाडीचं इंधन नव्हतं. पेट्रोल हीच छोट्या माणसाची वीज होती. वीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात ग्रिडमधून साधारण चार-पाच हजार मेगावॅट वीज मिळते. आपल्या एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी 25 हजार मेगावॅटच्या पुढं जाते. डिझेलचे दर तर तिथं आधीच मोकळे सोडलेले होते. मोठे कारखाने डिझेलवर किंवा स्वतःच्या गॅसवर कसेबसे निभावत. शिंपी, वेल्डर, बर्फवाला, झेरॉक्सवाला, लेथवाला यांची सगळी भिस्त पेट्रोलवर. सरकारकडून त्यांना मिळणारी बहुधा एकमेव गोष्ट म्हणजे ते स्वस्त पेट्रोल. पर्याय न देता तेवढंही काढून घेतलं.

2024 च्या त्या भेटीत ओगाच्या शेडमध्ये बसून आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्याचा पाच केव्हीएचा जनरेटर तासाला दोन लिटर पितो. आठ तासांचे सोळा लिटर. जुन्या दरानं दिवसाला तीन हजार नायरा लागायचे. त्या वेळी किमान वेतन महिना 30 हजार होतं, म्हणजे दहा दिवसांचं पेट्रोल आणि एका माणसाचा महिन्याचा पगार सारखे. जुलै 2024 मध्ये सरकारनं किमान वेतन वाढवून 70 हजार केलं. दुपटीहून अधिक. पण 1,100 च्या दरानं सोळा लिटरचे साडेसतरा हजार होत होते. चार दिवसांच्या पेट्रोलातच महिन्याचा पगार जात होता. कागद घडी करून ओगानं खिशात ठेवला आणि लेथवरची ताडपत्री उचलून दाखवली. चकच्या तिन्ही जबड्यांवर तांबडा गंज चढला होता. माझ्या पोटात कालवलं. धंद्यात मशीन विकावं लागतं, मोडावं लागतं, ते समजू शकतो. चांगलं चालू मशीन झाकून ठेवावं लागणं मला बघवत नाही.

माझं त्याच्याकडं वीस हजार डॉलर येणं होतं. माल 2023 च्या एप्रिलमध्ये गेला तेव्हा बाजारभावानं ते दीड कोटी नायरा होते. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तीन कोटींच्या वर गेले. मधल्या काळात त्यानं एकही कंटेनर मागवला नव्हता आणि माझी दुसरी पाळी बंद पडली होती. फोन करून तो एवढंच म्हणाला, “पैसे बुडणार नाहीत, वेळ दे.” अकरा हप्त्यांत त्यानं शेवटचा डॉलर फेडला. त्यासाठी बाजूला ठेवलेली एक रक्कम मोडावी लागली, हे मला न्नेवीत गेल्यावर कळलं. ती रक्कम लेथवरच्या मुलाच्या भांडवलाची होती. त्याची मुदत 2023 मध्येच संपली होती. दीड वर्ष उलटून गेलं तरी तो मुलगा दुकान झाडत होता. माझ्यासमोर त्यानं चहा ठेवला, तेव्हा त्याच्याकडं बघायला मला अवघड गेलं.

नायजेरियाची गोष्ट सांगताना तेलाचं बोलणं ओघानंच येतं. 1956 साली ओलोइबिरीला तेल सापडलं. सरकारच्या चार रिफायनऱ्या मिळून रोज 4 लाख 45 हजार पिंपांची क्षमता, पण वर्षानुवर्षं त्या जवळजवळ बंदच, आणि देश कच्चं तेल विकून पेट्रोल बाहेरून आणत राहिला. आता लेक्कीला अलिको डांगोटे यांची साडेसहा लाख पिंपांची रिफायनरी उभी राहिली आहे. ती बांधताना भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येनं होते. आमच्या गल्लीतलाही एक पाइपिंगवाला तीन वर्षं तिथं राहून आला. सप्टेंबर 2024 पासून तिथून पेट्रोल बाहेर पडू लागलं. ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. तरी त्या रिफायनरीला सुरुवातीला अमेरिकेतूनही कच्चं तेल आणावं लागलं, कारण घरचं पुरेसं मिळेना. शिवाय देशातच गाळलं म्हणून पेट्रोल पुन्हा 190 ला मिळणार नाही. लेथ चालायचा तर वीजच लागेल. आणि वीज करायला लागणारा नैसर्गिक वायू नायजर डेल्टात तेलाबरोबर निघतो आणि वर्षानुवर्षं हवेत जाळला जातो. रात्री विमानातून त्या ज्वाळा दिसतात. तिथून न्नेवी काही लांब नाही.

म्हणून मला टिनुबू यांच्या अनुदान संपल्याच्या त्या गाजलेल्या वाक्यापेक्षा जून 2023 मधली त्यांची एक सही जास्त मोलाची वाटते. ती वीज कायद्यावरची. राज्यांना स्वतः वीज तयार करण्याची, वाहून नेण्याची आणि विकण्याची वाट त्या कायद्यानं पक्की केली. आधी ही वाट, निदान बाजारपेठेच्या गावांपुरती, चालती करायची आणि मग पेट्रोलचा दर टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, असं झालं असतं तर लोकांनी महागाई सोसलीही असती. डिसेंबर 2024 मध्ये तिथं महागाईचा दर जवळजवळ 35 टक्के होता. व्याजाचा मूळ दर तेव्हा 27.5 टक्के होता. एवढ्या व्याजानं कर्ज काढून कोण मशीन घेणार?

बाजारपेठेच्या गावाला अशी वीज मिळू शकते, याचा दाखला न्नेवीहून काही तासांवर आहे. बूट-चपलांसाठी प्रसिद्ध असलेल्या आबा शहरात माजी वीजमंत्री बार्थ न्नाजी यांच्या कंपनीनं गॅसवरचं स्वतंत्र वीज केंद्र उभारलं. अनेक वर्षं रखडल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. राष्ट्रीय ग्रिड 2024 मध्ये पुन्हा पुन्हा कोसळली, पण आबा आणि आसपासच्या भागाची तारांची जोडणी वेगळी आहे.

गेल्या महिन्यात मला एका नव्या नावानं चौकशी आली. पत्ता आबाचा. खाली फोटोत तोच लेथवरचा मुलगा, मागं भाड्यानं घेतलेला गाळा. ओगानं अखेर त्याला मोकळं केलं, ठरल्याच्या निम्म्या भांडवलावर आणि तो लेथ देऊन. दिवसातला बराच वेळ तिथं वीज असते, असं तो सांगतो. त्याला तयार स्प्रॉकेट नकोत. नुसत्या कापलेल्या चकत्या हव्यात, दोनशे नग. दाते तो तिथं पाडणार आहे आणि त्यासाठी जुनं हॉबिंग मशीन शोधतो आहे. चकतीत मला सुटणारा पैसा थोडा आहे, खरी कमाई दात्यांत असते. मी फोरमनला बॉक्सरच्या मागच्या स्प्रॉकेटचं ड्रॉइंग काढायला सांगितलं, आणि भोसरीच्या एका जुन्या मशीनच्या दलालाला फोन लावला.